वेळू : तृण कीं वृक्ष ?

अमरसिंहानें वनौषधिवर्गांत वेळूचे जे पर्याय दिले आहेत, त्यांपैकीं 'त्वक्सार', 'यवफल' व 'तृणध्वज' हे तीन विचार करण्याजोगे आहेत. ज्याचें सार गाभ्यांत नसून सालींत आहे, ज्याचें फळ जवासारखें दिसतें आणि जो तृणांमध्यें ध्वजासारखा उभा राहतो, तो वेळू. कौटिलीय अर्थशास्त्रांतील कुप्याध्यक्षप्रकरणांतही साग, तिनिश इत्यादिकांचा सारदारुवर्ग एकीकडे ठेवून वेणुवर्ग निराळा सांगितला आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्र वेळूस गवताच्याच कुळांत घालतें. हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा, असें कोणास वाटेल. परंतु पनवेलसारख्या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या व बुरुडाच्या पोटाशीं त्याचा निकट संबंध आला, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम बेटाची रीत पाहूं. पावसाळ्यांत जमिनींतून जो कोंब वर येतो तो आपली पुरी जाडी घेऊनच येतो. दोनतीन महिन्यांत तो सर्व उंची गाठतो, आणि पुढें कितीही वर्षें उभा राहिला तरी तसूभरही जाड होत नाहीं. केवळ पक्व होतो. नवे कोंब बहुधा गतवर्षींच्या काठीच्या कंदापासून, म्हणजे बेटाच्या बाहेरच्या कडेस, निघतात. म्हणून जाणता मनुष्य एकदोन वर्षांच्या काठीस हात लावीत नाहीं. तीन वर्षांवरील काठी तो पावसाळा सरल्यावर जमिनीलगत, पण गांठीच्या किंचित् वर तोडतो, म्हणजे खुंटांत पाणी सांचत नाहीं; आंत शिरावयास एका बाजूनें वाट राखतो; आणि मृगापूर्वीं बुंध्याशीं मातीची भर घालतो. जुन्या काठ्या तशाच राहिल्या तर त्या एकमेकींत गुंतून वाळतात व बेट कोंदून जातें.

हें ज्ञान प्रस्तुत लेखकास पुस्तकांतून झालें नाहीं. वडिलांच्या पश्चात् परसांतील कळकाच्या बेटास दहा वर्षें मीं ममतेनें कोयता लागूं दिला नव्हता. एका वृद्ध बुरुडानें तें पाहून म्हटलें, "मास्तर, हें तुम्हीं राखलं नाहींत, कोंडलंत."

सरकारी कायद्यानें जें केलें तें याहून फारसें वेगळें नव्हतें. सन १८७८ च्या जंगल कायद्यानें 'झाड' या शब्दाच्या व्याख्येंत बांबू घातला, आणि १९२७ च्या कायद्यानें ती व्याख्या कायम ठेविली. झाड तोडलें म्हणजे संपलें. यास्तव तोडीवर निर्बंध घालणें झाडापुरतें सयुक्तिक ठरतें. जें बेट तोडीनेंच जगतें त्यास तोच नियम लाविला. आमचा पनवेल तालुका १८८३ सालीं ठाणें जिल्ह्यांतून कुलाबा जिल्ह्यांत गेला. या दोन्ही जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारास १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. तेथील मुख्य वाद राबासाठीं तोडावयाच्या टहाळाचा होता, वेळूचा नव्हे, हें सांगितलें पाहिजे. परंतु कोयता केव्हां चालवावा हें लावणाऱ्यानें ठरवावें कीं अंमलदारानें, हा प्रश्न दोहींकडे एकच. दिनांक २५ सप्टेंबर १९३० रोजीं पनवेलच्या शेजारीं चिरनेर येथें अक्कादेवीच्या रानांत जंगलसत्याग्रह्यांवर गोळीबार होऊन आठ सत्याग्रही मरण पावले, तो याच रोषाचा कळस होय.

स्वराज्यानंतरही व्याख्या हालली नाहीं. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपजांत गणलें, आणि २०११ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) गावास आपल्या रानांतील बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. जंगल कायद्यांतील 'झाडा'च्या व्याख्येंतून 'बांबू' हा शब्द गळला तो २०१७ सालीं, म्हणजे १३९ वर्षांनीं. सरकारी रानांतील वेळू अद्यापि जंगल खात्याच्याच ताब्यांत आहे. स्वतःच्या बांधावर लावणाऱ्याची अडचण तेवढी दूर झाली. अमरसिंहाचा निर्णय मान्य व्हावयास एवढा काळ लागला, याचें संस्कृताच्या शिक्षकास नवल वाटत नाहीं.

त्या बुरुडानें माझ्या बेटाची एक बाजू फोडून आंत वाट केली. पोटांतील वाळक्या काठ्या काढावयास त्यास चार दिवस लागले, व त्यांपैकीं सुपाटोपल्यांच्या उपयोगाची एकही निघाली नाहीं. पुढच्या श्रावणांत बाहेरच्या कडेस सात कोंब आले.