गोदामातलं गाणं

कारंजा तालुक्यातल्या धनजला कुणी ‘डीजे आला’ म्हणालं, की माणूस शोधायचा नसतो, रस्त्याकडे बघायचं असतं. डीजे म्हणजे गाडीवर रचलेली बॉक्सची भिंत. ती वाजवणारं पोरगं मागे वायरींच्या गुंत्यात बसलेलं असतं, त्याचं नावही कुणी विचारत नाही. शिकागोत नेमकं उलटं झालं. तिथे डीजे माणूसच राहिला आणि त्याच्या ‘हाऊस’ संगीताला इमारतीचं नाव पडलं.

मार्च १९७७ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या रॉबर्ट विल्यम्स यांनी २०६, साऊथ जेफरसन स्ट्रीट या तीन मजली इमारतीत नाचघर थाटलं. नाव ‘वेअरहाऊस’, म्हणजे सरळ गोदाम. तबकड्या लावायला त्यांना लॅरी लेव्हान हवा होता. तो न्यूयॉर्क सोडेना. मग त्याचा दोस्त फ्रँकी नकल्स आला. वय २२, ब्राँक्सचा, पोशाखकलेचं शिक्षण घेतलेला. दोघांचे हात बसले होते न्यूयॉर्कच्या ‘काँटिनेंटल बाथ्स’मध्ये, चक्क एका स्नानगृहात! वेअरहाऊसमध्ये येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन, त्यांत समलिंगी पुष्कळ. शनिवारी रात्री लागलेला नाच रविवारी दुपारपर्यंत चाले, तोही फळांच्या रसावर.

नकल्सच्या शिदोरीत फिलाडेल्फियाचं सोल होतं, सालसोल कंपनीचा डिस्को होता, चर्चमधल्या गाण्यासारखे भरघोस आवाज होते आणि युरोपातलं यंत्रांचं संगीतही. मध्येच तो आगगाडीचा आवाज सोडायचा. अंधारात गाडी अंगावरून गेल्याचा भास व्हायचा.

मग आली टंचाई. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्याच कॉमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोटाने उडवली. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही. डिस्कोची बाजारातली पत गेली आणि नव्या तबकड्या आटल्या. नकल्सने जुन्यालाच ताणलं. ज्या तुकड्यावर पाय पेटायचे तो टेपवर पुन्हापुन्हा उतरवायचा, फीत कापायची, जोडायची, खाली ठोका भरायचा. फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवावी तसं. माझ्या मते हाऊस खरं इथे जन्मलं. गावातल्या तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं ‘वेअरहाऊसला वाजतं ते द्या’ म्हणायची. बोलता बोलता त्याचं नुसतं ‘हाऊस’ झालं, असं सांगतात.

१९८२ च्या अखेरीस प्रवेशाचे दर वाढले आणि नकल्सने वेगळी चूल मांडली, ‘पॉवर प्लांट’. विल्यम्सनी ‘म्युझिक बॉक्स’ काढून रॉन हार्डीला बसवलं. भाऊबंदकीने इथे नुकसान झालं नाही, दोन्हीकडची पोरं ईर्ष्येने घरीच गाणी करू लागली. १९८४ मध्ये जेसी साँडर्सची ‘ऑन अँड ऑन’ तबकडीवर आली. पुढे ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र वाकडंतिकडं पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं. बेस गिटारऐवजी वाजवायला निघालेलं, पण बाजारात पडलेलं यंत्र ते. १९८७ मध्ये ती तबकडी निघाली आणि ॲसिड हाऊस जगभर गेलं.

पण नकल्सने गोदाम सोडलं त्याच १९८२ साली, मुंबईत, तेच टीबी-३०३ घेऊन एक माणूस भैरव आणि यमन वाजवत होता. चरणजित सिंग. चित्रपटांच्या वाद्यवृंदात मुरलेला वादक. सोबत टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग, एचएमव्हीची तबकडी. शिकागोचा वारा लागलेला नव्हता. राग मुरलेले, इकडे डिस्कोचा बाजार अजून तेजीत, यंत्रं नवी. बैठकीतल्यासारखी मींड या यंत्रावर सहज निघते, हे त्यांनी ओळखलं. तबकडी खपली नाही. एडो बौमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला, असंही काहींनी म्हणून टाकलं. तसं म्हणायला मी धजणार नाही; त्या तबकडीवर तेव्हा कुणी नाचलं नव्हतं, आणि हाऊसला नाचणारे लागतात. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.

नकल्स त्याआधीच, ३१ मार्च २०१४ ला. जेफरसन स्ट्रीटच्या त्या तुकड्याला २००४ पासून त्याचं नाव आहे, आणि २०२३ मध्ये शिकागो शहराने इमारतीला वारसा दर्जा दिला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या क्रेटेक्स या डीजेने श्रेयस सागवेकरबरोबर ‘तांबडी चामडी’ हे गाणं केलं. ठोका हाऊसचा, बोल मराठी.