हिशेबनिसाचे पहिले गिऱ्हाईक

राजांचा, संतांचा आणि कवींचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला; परंतु ज्यांनी लोकांचे जमाखर्च लिहिले, त्या हिशेबनिसांकडे लक्ष क्वचितच गेले आहे. हा विषय आम्हांस सुचला तो आळे येथे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले असे सांगतात, त्या रेड्याच्या समाधीसाठी जुन्नर तालुक्यातील हे गाव प्रसिद्ध आहे. गावाजवळचा आळेफाटा मात्र पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर ह्या दोन मार्गांच्या छेदावर वसलेली, कांद्याच्या व्यापाराची गजबजलेली पेठ होय. अशा पेठेत एखादा पदवीधर तरुण, कोणाची चाकरी न पत्करता, चार दुकानदारांच्या वह्या लिहून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय मांडू म्हणतो, तेव्हा त्याची पहिली अडचण विद्येची नसते. पहिले गिऱ्हाईक कोठून आणावे, ही असते. ह्या अडचणीचे मूळ, आमच्या मते, ह्या प्रांताच्या इतिहासात आहे.

हिशेब ह्या भागास नवा नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे कोरलेले असून, भारतातील अंकलेखनाच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. धर्मकार्यासाठी अशा श्रेणींकडे ठेव ठेवीत. जो आकडा दगडावर कोरला तो मागाहून कोणास बदलता येत नसे.

पुढे गावाचा हिशेब कुळकर्ण्याच्या दप्तरात गेला. जमीन, सारा, वसूल आणि बाकी यांची नोंद तो मोडी लिपीत ठेवी. काम वतनी असल्यामुळे गिऱ्हाईक शोधण्याची चिंता त्यास कधी पडली नाही. सारे गाव जन्मतःच त्याचे गिऱ्हाईक होते. ह्या व्यवस्थेचा गुण असा की, कामात पिढ्यान्‌पिढ्यांचे सातत्य राहिले. दोष असा की, ज्याचा हिशेब लिहावयाचा त्यास लिहिणारा बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि बहुधा लिहिलेले वाचताही येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात कुळकर्ण्यावर जी कठोर टीका केली, तिच्या मुळाशी हे दुःख होते.

सावकाराच्या पेढीवरचा मुनीम तर एका धन्याचाच चाकर. कुणब्याच्या घरी वही नव्हती; त्याचे देणे सावकाराच्या वहीत वाढत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो इतर गावी पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता, तर खतांवर आणि वह्यांवर होता. ती मिळवून त्यांनी जाळली. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील ऋणकोस भरण्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि देण्याघेण्याचे पुस्तक मागण्याचा हक्क मिळाला. ज्याचा हिशेब, त्यास तो पाहावयास मिळाला पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

स्वतंत्र पेशाचा हिशेबनीस त्यानंतरचा. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासणीस महत्त्व आले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने व्यापाऱ्यास नीट वहीची गरज अधिक भासू लागली. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकौंटंटांची संस्था कायद्याने स्थापन झाली, आणि १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुळकर्णी वतने संपुष्टात आली. वतनी लेखक गेला आणि पेशाचा लेखक प्रतिष्ठित झाला, तो जवळजवळ एकाच काळात. चार्टर्ड अकौंटंट तपासतो ती कीर्द-खतावणी रोजच्या रोज लिहिणारा मनुष्य निराळा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर लहान पेठांतही त्याची निकड वाढली.

तथापि गरज आहे म्हणून गिऱ्हाईक येतेच असे नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही आणि स्वतःच्या शेतातील माल विकणाऱ्या शेतकऱ्यास वस्तू व सेवा करासाठी नोंदणीचे बंधनही नाही. तेव्हा शेतकरी प्रथम येणार नाही. प्रथम येईल तो खतांचा दुकानदार, खाणावळवाला किंवा मालमोटारींचा मालक. त्याच्या मनात दोन शंका असतात: आपली उलाढाल शेजारच्या दुकानात कळेल काय, आणि उद्या बिनसले तर हा वही अडवून धरील काय? ह्या शंका जाहिरातीने फिटत नाहीत. तरुणाने एकाच महिन्याचे काम मागून घ्यावे, मेहनताना आधी ठरवावा, मालकासमक्ष गल्ल्यातील रोकड कीर्दीशी ताडून दाखवावी, आणि महिनाअखेर वही त्याच्या हाती परत द्यावी. दुसरे गिऱ्हाईक बहुधा पहिल्याच्या शब्दावर येते. म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्यास सांगण्याचा मोह त्याने कटाक्षाने टाळावा.

कोणी खोटी नोंद करण्यास सांगितल्यास ते गिऱ्हाईक सोडावे लागेल. पहिल्या वर्षी, घरभाडे थकलेले असताना, हे किती जड जाते ते आम्ही जाणतो. परंतु खोट्या वहीचे ह्या जिल्ह्यात काय झाले, ते सुप्याच्या बाजारात एकदा दिसले आहे. वतनाने आपल्याला जे आयते मिळत नाही, तो विश्वास ह्या तरुणास महिन्यामागून महिना मिळवावा लागेल. आणि तो न दिल्यास गिऱ्हाइकास आपली वही उचलून दुसऱ्याकडे जाता येते, ह्यातच जुन्या व्यवस्थेहून नव्या व्यवस्थेचे बरेपण आहे.