अडसर आणि मुदत

वाड्याच्या दरवाजाला आतून अडसर असतो, तो आलेल्या माणसाला कायमचे परत धाडण्यासाठी नव्हे. दार उघडण्यापूर्वी कोण आले आहे हे पाहण्याची उसंत घरच्यांना मिळावी, एवढाच त्याचा हेतू. संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात अशाच एका अडसराची कथा आहे. तो कोणी घातला, कशासाठी घातला आणि तो वेळेवर न काढल्यामुळे काय अनर्थ ओढवला, हे आज आम्हाला पाहावयाचे आहे.

संगणकाला चालविणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बाकीचे सारे प्रोग्रॅम तिच्या पायावर उभे असतात. पाया बदलला की वरच्या भिंतींना तडे जाण्याचा संभव असतो. घरच्या एखाद्या संगणकावर असे झाले, तर एका माणसाचा एक दिवस बुडेल. पण एकाच कंपनीचे पाच हजार संगणक असतील, त्यांवर पगारपत्रक, कोठारातील माल, गिऱ्हाइकांची खाती हे सारे चालत असेल, तर एका रात्रीत आपोआप आलेली नवी आवृत्ती सकाळी सगळी कचेरी बंद पाडू शकते. म्हणून अशा कंपन्यांतील संगणक-व्यवस्थापक एका जागी बसून सर्व यंत्रांवर हुकूम चालवितात. आणि त्या हुकुमांपैकी एक असा असतो, की आम्ही सांगेपर्यंत नवी आवृत्ती घेऊ नये.

या हुकुमाचे महत्त्व जगापुढे आले ते २००४ साली. त्याच्या आदल्या वर्षी, ११ ऑगस्ट २००३ रोजी, ‘ब्लास्टर’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम विंडोजच्या संगणकांत पसरू लागला. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच प्रसिद्ध केला होता. सव्वीस दिवस औषध हाताशी होते. ज्यांनी ते घेतले नाही, ते आजारी पडले. या धड्यानंतर विंडोज एक्सपीची ‘सर्व्हिस पॅक २’ ही मोठी सुधारणा ऑगस्ट २००४ मध्ये बाहेर पडली. तिने संगणकाभोवतीची संरक्षक भिंत आपण होऊन उभी केली. पण त्या भिंतीमुळे कित्येक चांगले प्रोग्रॅमही अडू लागले. कंपन्यांनी वेळ मागितला. तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक अडसर करून दिला. रजिस्ट्री नावाच्या संगणकाच्या अंतर्गत नोंदवहीत एक नोंद घातली, की ही एक सुधारणा थांबे. बाकीचे लहान संरक्षक उपाय मात्र येत राहत. अडसराची मुदत प्रथम १२० दिवसांची होती. ती पुरेना म्हणून २४० दिवसांची झाली, आणि १२ एप्रिल २००५ रोजी ती संपली.

या साध्या व्यवस्थेत दोन मोठी तत्त्वे होती. घर बदलणे आणि कुलूप दुरुस्त करणे या भिन्न गोष्टी आहेत, हे पहिले. आणि सवलतीला शेवटचा दिवस असला पाहिजे, हे दुसरे.

पुढे तंट्याचे स्वरूप बदलले. २९ जुलै २०१५ पासून एक वर्षपर्यंत विंडोज १० पात्र संगणकांना फुकट देऊ केले गेले. मोठ्या कंपन्यांची एंटरप्राइझ आवृत्ती त्यातून वगळली होती. पण व्यावसायिक आवृत्ती वापरणाऱ्या लहान कचेऱ्यांनाही हे आमंत्रण दाखविण्यात येईल, असे जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाले. नको असेल त्याने नोंदीत बदल करून ते थांबवावे, अशी सोय ठेवली होती. यंत्र विकत घेतले एकाने, त्यावर राबतो दुसरा आणि त्याचा पाया बदलण्याचा अधिकार सांगतो तिसरा. मग मालक कोण, हा प्रश्न येथे उघड झाला. ज्याच्याकडे जाणकार व्यवस्थापक होता, त्याने कडी घातली. ज्याच्याकडे नव्हता, त्याला येईल ते पत्करावे लागले.

आता कोणी म्हणेल, मग कडी कायमचीच घालून ठेवावी. त्याला उत्तर १२ मे २०१७ च्या दिवसाने दिले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेहून अधिक देशांतील संगणक गाठले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ संस्थांपैकी सुमारे एक-तृतीयांश संस्थांच्या कामात त्यामुळे व्यत्यय आला. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. छिद्र बुजविण्याचा उपाय १४ मार्चलाच निघाला होता. विशेष हे, की तेथे बाधलेले बहुतेक संगणक पुराण्या एक्सपीचे नव्हते. त्या वेळी चालू असलेल्या विंडोज ७ चे होते. घर ठीक होते, कुलूप दुरुस्त केलेले नव्हते.

म्हणून थांबणाऱ्यांची बाजू खोटी ठरते, असेही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेली विंडोज १० ची नवी आवृत्ती चारच दिवसांत थांबवावी लागली, कारण काही लोकांच्या स्वतःच्या फाइली तिने पुसून टाकल्या. ज्यांनी घाई केली नाही, त्यांची दप्तरे वाचली. आणि त्याच वर्षी आमच्याकडे उलट बाजूचा दाखला मिळाला. विंडोज एक्सपीचा आधार निर्मात्याने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला होता. तरी आपल्या देशातील कित्येक एटीएम त्यावरच पैसे मोजून देत होती. अखेर मुंबईहून रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना हप्ते बांधून दिले: सप्टेंबरपर्यंत निदान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सर्व. चार वर्षे जे आपखुशीने झाले नाही, त्याला तारखा लावाव्या लागल्या.

या साऱ्या अनुभवाचा अर्क विंडोज १० च्या व्यवस्थापनातील दोन आकड्यांत उतरला आहे. नवी आवृत्ती कंपनीला ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. महिन्याचा संरक्षक उपाय मात्र फार तर ३० दिवस. घर बदलण्याला वर्ष, कुलपाला महिना.

थांबविण्याचा अधिकार कंपनीला असावा, याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु मिळालेल्या मुदतीत जो चार यंत्रांवर चाचणी घेतो, अडणारे प्रोग्रॅम हुडकतो आणि ठरल्या दिवशी दार उघडतो, तोच त्या अधिकाराला पात्र. अडसर घालून जो झोपी गेला, त्याच्या चुकीची किंमत त्याने एकट्याने भरलेली नाही. ती दवाखान्याच्या दारातून परत गेलेल्या रोग्याने भरली आहे, आणि त्या रोग्याला त्या अडसराची वार्ताही नव्हती.