शुक आणि वंदा : गृहपालनाच्या इतिहासातील दोन शब्द

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्यातील एका जमीनदारीचे ठिकाण होते. १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो प्रदेश गोंदिया जिल्ह्यात आला. ज्या भूभागास मराठीत झाडीपट्टी म्हणतात, त्याच्या पूर्व सीमेवरचे हे गाव. तेथील रानात जुन्या झाडांच्या ढोलीत पोपट घरटे करतो आणि तशाच झाडांच्या खरबरीत सालीवर रास्ना नावाची आमरी मुळे रोवते. आमरी म्हणजे इंग्रजी वळणाने ज्यास आपण ऑर्किड म्हणतो ते कुळ. दोघांचा आश्रय एक. परंतु मनुष्याच्या घरात पोपटाला दोन सहस्र वर्षांपूर्वीच जागा मिळाली, आणि आमरीला ती कालपरवापर्यंत मिळाली नाही. हा भेद कशामुळे पडला असावा, याचा माग भाषेत काही प्रमाणात लागतो.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत वृक्षायुर्वेद आणि शुकसारिकांना बोलावयास शिकविणे या दोन कला जवळजवळ शेजारी येतात. मध्ये केवळ एडके, कोंबडे व लावे यांच्या झुंजीची कला आहे. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात, आणि त्यात वत्सगुल्माचा, म्हणजे वऱ्हाडातील वाशीमचा, उल्लेख असल्याने विदर्भ त्याच्या परिघाबाहेरचा नव्हे. त्यातील नागरकाच्या घराला वृक्षवाटिका आहे, शयनगृहाबाहेर क्रीडापक्ष्यांचे पिंजरे आहेत, आणि भोजनोत्तर वेळ पोपट-मैनांशी बोलण्यात जातो. पक्षी आणि वनस्पती एकाच घरात नांदविण्याची कल्पना, तेव्हा, येथे परकी नाही. त्या वाटिकेत आमरीला मात्र नाव घेऊन स्थान दिलेले दिसत नाही.

अमरकोश उघडावा. पोपटासाठी तेथे कीर आणि शुक हे दोन शब्द समानार्थक म्हणून दिले आहेत. कीर हा शब्द हालाच्या गाथासप्तशतीतील माहाराष्ट्री प्राकृतातही आहे. पुढे शुकापासून प्राकृत ‘सुअ’ आणि त्यातून छत्तीसगडी ‘सुआ’ झाला. चिचगडच्या पूर्वेस असलेल्या छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीत भातावर मातीचा सुआ मांडून त्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात आणि आपली सुखदुःखे त्यालाच सांगतात. मराठीने रावा, राघू, मिठू, पोपट अशी स्वतंत्र भर घातली. घरातल्या माणसाला जशी लाडकी नावे पडतात, तशीच ही आहेत.

आमरीकडे वळले की चित्र पालटते. अमरकोशात ‘वंदा’ या शब्दाचे पर्याय म्हणून वृक्षादनी आणि वृक्षरुहा हे शब्द एकत्र आले आहेत. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. या दोन गोष्टी मुळीच एक नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडावर केवळ बसते, आणि तिच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते. परंतु शब्दाने दोघींना एका कोठडीत घातले. मराठीतही ‘बांदे’ हे नाव बांडगुळाला आणि रास्नेला दोहोंना लावलेले आढळते. जिला झाडाची वैरीण मानले, तिला अंगणातील आंब्यावर कोण मुद्दाम लावणार? याला बागायतीतील एक कारणही जोडले पाहिजे. कुंडी व आळे यांवर आधारलेल्या मातीच्या विद्येला माती न मागणारे रोप उपरेच वाटणार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज माळ्यांनीही आमरी कोंदट उष्णगृहांत कोंडून मोठ्या संख्येने मारल्या. मोकळ्या हवेची गरज कळावयास त्यांनाही काही दशके लागली.

गंमत अशी की पाश्चात्य वनस्पतिशास्त्रात हाच संशयित शब्द मानाने गेला. विल्यम जोन्सने ‘वंदा’ हे नाव आपल्या वनस्पतिविषयक टिपणांत वापरले, ती टिपणे १७९५ साली प्रसिद्ध झाली, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राउनने ते प्रजातीचे नाव म्हणून रूढ केले. रास्नेचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकटी-चौकटींची, कारण तिच्या पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर जाळी असते. (वैद्यकातील रास्ना कोणती, हा वाद वेगळाच, उत्तरेत, दक्षिणेत आणि बंगालात या नावाखाली तीन निरनिराळ्या वनस्पती वापरल्या गेल्या.)

पोपटाचा सन्मान मात्र निर्भेळ नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या शुकाचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. दोरीत ओवलेली नळी पक्ष्याच्या भाराने फिरते, तो उलटा होतो, आणि पाय सोडले तर पडू या भीतीने नळी अधिकच घट्ट धरतो. दृष्टांत अध्यात्माचा खरा, परंतु श्रोत्यांना फासेपारध्याची ही युक्ती डोळ्यांसमोरची असल्याखेरीज तो त्यांना उमगला नसता. इ. स. १२९० च्या सुमारास पिंजऱ्यासाठी पोपट कसे धरीत, याचा हा मराठीतील मोलाचा पुरावा होय. राघूच्या लाडक्या नावामागे ही नळी आहे, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये.

आमरीचे हाल निराळ्या रीतीने झाले. जोसेफ हुकरने १८५० साली खासी टेकड्यांतून निळ्या वंदेची सात माणसांचे ओझे भरतील इतकी रोपे गोळा केली. त्यांतली फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोहोचली.

कायद्याच्या पुस्तकात ही दोन्ही नशिबे पुन्हा जवळ आली. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ साली पूर्ण बंदी आली. रानचा पोपट धरणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे आज वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने प्रथमच वनस्पतींचे प्रकरण घातले गेले, आणि त्यातील मोजक्या नावांत निळी वंदा व तांबडी वंदा या होत्या. झाडीपट्टीतील रास्नेचे नाव तीत नव्हते.

शहरांतील गॅलऱ्यांत आता दोन्ही छंद एकत्र दिसतात. पिंजऱ्यात मूळची ऑस्ट्रेलियातील बजरीगर असते, तिला लोक ‘लव्हबर्ड’ म्हणतात. शेजारी नारळाच्या काथ्यात वा कोळशात लावलेले डेंड्रोबियमचे संकरित रोप असते, त्याला ‘ऑर्किड’. आमरी हा शब्द पुस्तकांत आहे. फुलवाल्याच्या तोंडी तो अद्याप आलेला नाही.