कर्माची जोडी : एका थाई दूरचित्रवाणी-नाट्याचे बळ आणि उणीव

थाई भाषेत ‘खू’ म्हणजे जोडी, आणि ‘कम्’ म्हणजे उच्चारात झिजलेला आपलाच ‘कर्म’ हा शब्द. ‘खू कम्’ या कादंबरीच्या नावापाशीच भारतीय वाचकाला थबकावे लागते. लेखिकेचे टोपणनाव थोम्मयंती. ते दमयंतीचे थाई रूप होय. वजिरावुध या राजाने नलोपाख्यान थाई पद्यात आणले होते. रघुनाथपंडिताच्या आख्यानावर ज्याचा कान तयार झाला, त्या मराठी रसिकाला या नावातील गोडी निराळी सांगावयास नको. कादंबरीच्या नायिकेचे नाव अंगसुमालिन. संस्कृतातील ‘अंशुमालिन्’, म्हणजे सूर्य, तोच हा शब्द. तेथे तो पुल्लिंगी आहे, थाई भाषेने तो एका तरुणीला बहाल केला. जिच्या देशात उगवत्या सूर्याचा ध्वज घेऊन परके सैन्य उतरले, तिचेच नाव सूर्य असावे, हे निव्वळ योगायोगाने घडले असे वाटत नाही.

परंतु ओळखीचे शब्द पुष्कळदा फसवतात. ‘कर्म’ म्हटले की शास्त्री-पंडितांना कृती आणि कर्तव्य आठवते. थाई बोलीतील ‘कम्’ भोगाकडे अधिक झुकतो. कपाळाला हात लावून ‘कर्म माझे!’ म्हणणारी मराठी गृहिणी या अर्थाच्या अधिक जवळ आहे. पूर्वसंचिताने बांधलेली, एकमेकांचा भोग होऊन आलेली जोडी, असा या नावाचा आशय आहे. आणि नाट्याचे बळ व उणीव ही दोन्ही या एका शब्दातून निघाली आहेत.

कथा थोडक्यात अशी. बँकॉकच्या नदीपलीकडील थोनबुरी भागात, बँकॉक नोई कालव्याच्या काठी अंगसुमालिन आई व आजीसह राहते. बालमित्र वनुस विलायतेला शिकावयास गेला आहे; त्याने तिला वाट पाहावयास सांगितले आहे. महायुद्ध येते, आणि जवळच्या जपानी गोदीवर कोबोरी हा तरुण नौदल-अधिकारी रुजू होतो. तो तिच्यावर प्रेम करतो, तिला हिदेको असे जपानी नाव देतो. ती त्याच्यात शत्रूच पाहते. लोकापवाद उठतो, आणि दोन्ही राष्ट्रांच्या मैत्रीला बट्टा लागू नये म्हणून त्यांचे लग्न लावून दिले जाते. पुढे वनुस स्वतंत्र थाई चळवळीचा माणूस होऊन परततो. अखेरीस बँकॉक नोई स्थानकावरील बाँबवर्षावात कोबोरी मरणासन्न होतो, आणि इतके दिवस ओठांवर न आलेले प्रेम ती त्या क्षणी बोलून दाखवते.

ही कादंबरी १९६० नंतरच्या दशकातली. थायलंडमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली ती २४ जून १९५५ रोजी. आरंभीची नाट्ये थेट प्रक्षेपित होत, आणि नटांना आडून संवाद सांगणारा माणूस लागे. आपल्या जुन्या रंगभूमीवरील प्रॉम्प्टरचीच ही आवृत्ती. या नव्या माध्यमाला कथा हव्या होत्या, त्या कादंबऱ्यांनी पुरवल्या. ‘लखोन’ या नावाने ओळखले जाणारे थाई नाट्य भारतीय मालिकांप्रमाणे वर्षानुवर्षे लांबत नाही. ठरावीक भागांत ते संपते. त्यामुळे शोकान्त त्याला परवडतो. ‘खू कम्’ प्रथम १९७० मध्ये पडद्यावर आले. त्या वेळी कोबोरी झाले होते मीचाई वीरवैद्य, जे पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यामुळे जगभर ओळखले गेले! त्यानंतरही नवनवी रूपांतरे होत राहिली, चित्रपटही निघाले. तथापि लोकांच्या मनात घर केले ते १९९० साली सातव्या वाहिनीवर दाखवलेल्या रूपाने. गायक थोंगचाई मॅकिन्टायर आणि कमोलचनोक यांची ती जोडी होती. थाई दूरचित्रवाणीवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या नाट्यांत त्याची गणना होते.

हे यश केवळ देखण्या नटांचे नव्हे. युद्धकथेतील शत्रू सामान्यतः गणवेशापुरता असतो. येथे त्याला घर, लाज, विनोदबुद्धी आणि आकाशातील तारे दिले आहेत. विणकर कन्या आणि गुराखी या आकाशगंगेच्या दोन तीरांवरील प्रेमिकांची पौर्वात्य दंतकथा नाट्याच्या अंतापर्यंत जाते, आणि कालव्याकाठच्या एका घराला विश्वाचे परिमाण देते. नायिकेचे मौन हे त्याहूनही मोठे बळ होय. तिचा नकार भाबडा नाही. त्यात वचन आहे, देश आहे, आणि स्वतःच्या मनाची भीतीही आहे. मेलोड्रामा म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या प्रकारात शब्दांचा पूर येणे हा नियम. येथे एक शब्द शेवटपर्यंत अडवून धरला आहे, आणि त्या अडवण्यावर सारा भावबंध तोलला आहे. रडू आणणे सोपे आहे; ते इतका वेळ थोपवून धरणे सोपे नाही.

आता इतिहास पाहावा. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य थायलंडच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी उतरले. काही तास लढाई झाली आणि फिबून यांच्या सरकारने वाट मोकळी केली. २१ डिसेंबरला मैत्रीकरार झाला, २५ जानेवारी १९४२ रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले गेले. वॉशिंग्टनमधील राजदूत सेनी प्रामोज यांनी ती घोषणा पोहोचवण्यास नकार दिला. देशात राजप्रतिनिधी प्रीदी फनोमयोंग गुप्त चळवळ चालवीत राहिले, आणि १६ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनीच ती युद्धघोषणा रद्दबातल ठरवली. तात्पर्य, थायलंड एकाच वेळी मित्रही होते आणि अंकितही. ही द्विधा अवस्था नाट्याने लग्नाच्या रूपात मांडली, ही कल्पना खरोखर मार्मिक आहे. मनाविरुद्धचा विवाह, बाहेर सौजन्य आणि घरात अबोला, हे त्या कराराचे यथार्थ चित्र म्हणता येईल.

रूपक येथवर चालते, आणि येथेच ते लंगडूही लागते. विवाहात प्रेम उगवू शकते. सैनिकी ताब्यात ते उगवते काय? मूळ कथेत कोबोरी मद्याच्या अमलाखाली पत्नीवर बळजबरी करतो. हा प्रसंग कथेचा कणा मोडू शकला असता. परंतु कथानक त्याचा निवाडा करीत नाही. गर्भ, मग करुणा, मग मृत्यू, अशा पायऱ्यांनी ते अपराध विरघळवून टाकते. ‘कर्म’ हा शब्द येथे न्यायाधीशाची जागा घेतो. जे घडले ते पूर्वसंचित होते, म्हणजे ते कोणी केले हे विचारण्याचे कारण उरत नाही! थाई प्रेमनाट्यांत ‘थप्पड आणि चुंबन’ या नावाने प्रसिद्ध असलेला एक ठराविक साचाच आहे. तेथे नायकाची दंडेली हा अनुरागाचा पुरावा ठरतो. ‘खू कम्’ त्या साच्याहून पुष्कळ उंच आहे. परंतु त्याच्याशी त्याचे नाते नाही असे म्हणता येत नाही.

इतिहासातील थप्पड मात्र निराळी होती. १८ डिसेंबर १९४२ रोजी बान पोंग येथे एका जपानी सैनिकाने युद्धकैद्यांना सिगारेट देणाऱ्या थाई भिक्षूला थोबाडीत मारली. जपानी सैन्यात वरिष्ठाने कनिष्ठाला मारणे नित्याचे. थाई माणसाला मस्तकाला, त्यातून भिक्षूच्या मस्तकाला, हात लावणे असह्य. चकमक झाली, माणसे मेली, आणि जपानला थायलंडमधील आपले धोरण बदलावे लागले. सेनापती नाकामुरा यांची तेथे नेमणूक झाली. थाई माणसांनी ती थप्पड प्रेमाची खूण म्हणून स्वीकारली नाही.

बान पोंग हे लहानसे गाव त्या वेळी गजबजले होते ते ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या ४१५ किलोमीटरच्या लोहमार्गामुळे. त्या कामावर १२,००० हून अधिक दोस्त युद्धकैदी मेले. आशियाई मजुरांच्या मृत्यूचे अंदाज पाऊण लाखापासून लाखाच्या आसपास जातात. त्यांत मलायातील मळ्यांवरून आणलेले तमिळ मजूर फार मोठ्या संख्येने होते. कांचनबुरीच्या स्मशानभूमीत जवळपास सात हजार सैनिकांची थडगी रांगेने उभी आहेत. तमिळ मजुरांच्या वाट्याला तशी नावांची रांग आली नाही. भारतीय वाचकाला येथे अस्वस्थ व्हावे लागते, कारण त्याच बँकॉकमध्ये जून १९४२ मध्ये भारतीय स्वातंत्र्य संघाची परिषद भरली होती, आणि जपानकडे मित्र म्हणून पाहण्याची आपली स्वतःची कारणे होती. थाई प्रेक्षकाला विचारावयाचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.

जपानविषयीची थाई भावना पुढेही सरळ राहिली नाही. १९७२ च्या अखेरीस विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्कार पुकारला. जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका यांचे बँकॉकमध्ये निदर्शनांनी स्वागत झाले. १९९० पर्यंत मात्र जपानी भांडवल आणि कारखाने यांचा ओघ सुरू झाला होता, आणि त्याच काळात कोबोरी घराघरांत पोहोचला. यावरून नाट्य हे व्यापाराचे भाट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्याच्याशी रोज व्यवहार करावयाचा, त्याच्याविषयी रडता येणे सोयीचे असते.

कोबोरी जेथे कोसळतो ते बँकॉक नोई स्थानक कवीने कल्पिलेले नाही. कांचनबुरीकडे जाणारी गाडी तेथूनच सुटे. जपानी सैन्याची रसद त्या वाटेने ब्रह्मदेशाकडे जाई, आणि म्हणूनच दोस्तांच्या विमानांनी ते उद्ध्वस्त केले. पडद्यावर बाँब दिसतात, ढिगारा दिसतो, एका स्त्रीचे उशिरा उमटलेले शब्द ऐकू येतात. रुळांचे दुसरे टोक दिसत नाही. युद्धानंतर पुन्हा बांधलेल्या त्या स्थानकाच्या इमारतीत पुढे सिरिराज रुग्णालयाने संग्रहालय उघडले.