पराभवापासून वाचायचा सेनापती

दुसऱ्या महायुद्धातील सेनापती म्हटले की आपल्याकडे रोमेल, माँटगोमेरी, झुकोव्ह ही नावे चटकन आठवतात. ब्रह्मदेशात जपानी सैन्याला हरवणाऱ्या विल्यम स्लिम यांचे नाव बरेच मागून येते. त्यांच्या चौदाव्या सैन्यातले बहुसंख्य जवान भारतीय होते. त्यांची निर्णायक लढाई आजच्या मणिपूर आणि नागालँडमध्ये झाली. १९३९ साली ते बेळगावला वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणशाळेचे प्रमुख होते, त्याच बेळगावात, जिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. म्हणून स्लिम यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मराठी वाचकाने पाहुण्यासारखे दारात उभे राहू नये. या घरात त्याचा वाटा आहे.

स्लिम यांचा जन्म १८९१ चा, ब्रिस्टलजवळचा. किशोरवय बर्मिंगहॅममध्ये गेले आणि घरची परिस्थिती बेताची होती. त्यांनी शाळेत शिकवले, नंतर कारकुनी केली. १९१४ चे युद्ध पेटले नसते तर अशा घरातला मुलगा ब्रिटिश सैन्यात अधिकारी होणे कठीणच होते. गॅलिपोलीत आणि पुढे मेसोपोटेमियात ते जखमी झाले. युद्धानंतर ते भारतीय सैन्यात आले, गुरखा पलटणीत रमले आणि मिळकतीला हातभार म्हणून ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने कथा लिहू लागले. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची गरज आपल्याला पुढे पडणार आहे.

चरित्रकार सहसा विजयापासून मागे येत लिहितात. माझे आग्रहाचे सांगणे असे की स्लिम पराभवापासून पुढे वाचावेत. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सीमेवर गल्लाबातला त्यांच्या ब्रिगेडचा हल्ला फसला. दोन मार्गांपैकी कमी धाडसाचा आपण निवडला आणि तो चुकला, असे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले. मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशातल्या दोन डिव्हिजन त्यांच्या हाती आल्या तेव्हा रंगून आधीच पडले होते. समुद्रमार्गे मदत येण्याची वाट त्यामुळे बंद झाली होती. येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करत हे सैन्य उत्तरेकडे सरकले आणि मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, मणिपूरच्या सीमेपर्यंत पोहोचले. ही सुमारे ९०० मैलांची माघार ब्रिटिश लष्करी इतिहासातली सर्वांत लांब मानली जाते. तोफा आणि रणगाडे जवळपास सगळे गेले होते, पण पलटणी पलटणी म्हणूनच परतल्या आणि सैनिकांच्या हातात बंदुका होत्या. १९४५ च्या विजयाची बीजे मला या एका गोष्टीत दिसतात.

त्याच रस्त्यांवरून आणि डोंगरवाटांवरून ब्रह्मदेशात स्थायिक झालेले लाखो भारतीय चालत घराकडे निघाले होते. त्यांतले हजारो उपासमारीने, पटकीने, हिवतापाने वाटेतच मेले. लष्करी नकाशांवर त्यांच्यासाठी बाण काढलेला नसतो. अभ्यासकाने तो स्वतः काढून घ्यावा.

ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदावे सैन्य उभे राहिले आणि स्लिम त्याचे सेनापती झाले. आघाडी जवळपास ७०० मैलांची होती, डोंगर आणि जंगलांची, रस्ते नावापुरते. त्या वर्षी जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका सैनिकामागे आजारामुळे पाठवावे लागलेले सैनिक १२० होते. या आकड्यापाशी थांबा. ज्या सैन्याला शत्रूपेक्षा आजार शंभरपटीने अधिक हानी पोहोचवत आहेत, त्याच्या सेनापतीचे पहिले काम डावपेचांचे नसते. स्लिम यांनी हिवतापाच्या रुग्णांना शेकडो मैल मागे धाडणे बंद करून आघाडीच्या मागे काही मैलांवरच उपचार केंद्रे उभारली. महिनोन्महिने गैरहजर राहणारा जवान त्यामुळे काही आठवड्यांत पलटणीत परतू लागला. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घेतल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी ते अचानक अख्ख्या पलटणीची तपासणी करवत, आणि गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली आले तर तिथल्या तिथे कमांडिंग ऑफिसरला पदावरून काढत. तिघांना काढावे लागले. बाकीच्यांना तेवढे पुरले.

रसदीचेही तसेच. विमानातून माल टाकायला पॅराशूट हवे होते, पण रेशमी पॅराशूट महाग आणि दुर्मीळ. स्लिम आणि त्यांचे रसदप्रमुख स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना विचारले. महिनाभरात तागाचे पॅराशूट तयार झाले. ते नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे ८५ टक्के कार्यक्षम होते आणि किंमत वीस पौंडांऐवजी एक पौंडाच्या आसपास. खरेदीची ठरलेली वाट सोडली म्हणून स्लिम यांना वरून समज मिळाली. सैन्यासाठी भाजीपाल्याचे मळे लावले गेले, बदके पाळली गेली, आणि हिंदू, मुसलमान, शीख, गुरखा, आफ्रिकी, इंग्रज अशा प्रत्येकाच्या शिध्याचा वेगळा हिशेब ठेवला गेला. या क्षेत्रातली माझी सर्वांत आवडती पाने लढायांची नाहीत, या हिशेबांची आहेत.

पण या हिशेबालगत दुसरी वही उघडी ठेवावी लागते. ज्या १९४३ मध्ये पूर्व भारतातून हे सैन्य पोसले जात होते, त्याच वर्षी बंगालमध्ये पडलेल्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून १९४२ मध्ये तिथल्या हजारो होड्या काढून घेतल्या गेल्या होत्या आणि कोळी व शेतकरी हवालदिल झाले होते. ते निर्णय स्लिम यांचे नव्हते. तरी विजयाची रसद आणि बंगालची उपासमार एकाच युद्ध-अर्थकारणातून निघाली, आणि एक वही मिटवून दुसरी वाचणारा इतिहास मला अपुरा वाटतो.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची यांनी इंफाळवर चढाई केली. सैन्य पुढे धाडून स्वतःच्या रसदीचा मार्ग लांबवण्याऐवजी स्लिम यांनी आपल्या डिव्हिजन इंफाळच्या मैदानात मागे घेतल्या आणि ती लांब, नाजूक वाट जपान्यांच्या वाट्याला येऊ दिली. कोहिमावर मात्र त्यांचा अंदाज चुकला. तिथे फार तर एक रेजिमेंट येईल असे त्यांना वाटले होते, आली ती सातो यांची अख्खी डिव्हिजन. मराठी वाचकाने इथे सांगशाक हे गाव नकाशावर शोधावे. मार्चच्या अखेरीस तिथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन काही दिवस झुंजली. पाणी जवळपास संपले होते आणि विमानातून टाकलेला माल बराचसा शत्रूच्या हद्दीत पडत होता. शेवटी ठाणे सोडावे लागले, पण तिथे गेलेले दिवस जपान्यांना कोहिमाला पोहोचताना जाणवले. कोहिमाचा वेढा एप्रिलमध्ये उठला आणि २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला. सुमारे ८५,००० च्या जपानी फौजेतले निम्म्याहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, पुष्कळसे भुकेने आणि रोगाने. मलेरिया आणि रसद यांवर आधी इतके का लिहिले, ते आता उमगेल.

त्यानंतरची इरावतीची मोहीम लष्करी विद्यालयांत शिकवली जाते आणि तिच्यावर उत्तम लेखन उपलब्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जपानी सेनापती किमुरा यांनी नदीच्या अलीकडे लढण्याचे टाळले, तेव्हा स्लिम यांनी डिसेंबर १९४४ मध्ये योजना बदलली. मंडालेसमोर मोठे सैन्य दाखवत एक कोअर गुपचूप दक्षिणेला नेली आणि मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात मेइकतिला घेऊन जपान्यांच्या रसदीचे नाक दाबले. ते घेणारी सतरावी भारतीय डिव्हिजन १९४२ च्या माघारीत होरपळलेलीच होती. मे महिन्याच्या आरंभी रंगून हाती आले.

समोरच्या बाजूलाही भारतीय होते. सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद फौजेच्या तुकड्या इंफाळच्या मोहिमेत होत्या. त्या फौजेतले वरिष्ठ सेनाधिकारी जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे आणि मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचेच. एकाच रेजिमेंटची माणसे दोन्हीकडे, हे वास्तव स्लिम यांच्या चौकटीत मावत नाही. आझाद हिंदच्या सैनिकांविषयी त्यांच्या लेखनात तुच्छता आहे. आपले भारतीय आणि गुरखा जवान त्यांची शरणागती स्वीकारायला फारसे राजी नसत, असेही ते नोंदवतात. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्यांनंतर भारतीय जनमत कुठे झुकले हे आपण जाणतो. दोन्ही निष्ठा एकाच अभ्यासात, कुणालाही हलके न करता, मांडता आल्या पाहिजेत.

आता त्या टोपणनावाची गरज पडते. १९५६ मध्ये आलेले स्लिम यांचे आत्मकथन ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ इतके सुरेख आहे की पुढचा सगळा इतिहास त्याच्या सावलीत लिहिला गेला. कथा लिहून हात बसलेला हा माणूस होता. आपल्या चुका तो अशा मोकळेपणाने सांगतो की वाचक उरलेले सगळे विश्वासाने मान्य करतो. त्या कबुलीजबाबांवर मी अविश्वास दाखवत नाही, पण ते पुरावा म्हणून इतर कागदांशी ताडून घ्यावेत. युद्धानंतर स्लिम ब्रिटिश सैन्याचे प्रमुख झाले, फील्ड मार्शल झाले, १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल होते. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षांनी, ऑस्ट्रेलियातल्या एका बालवसाहतीत लहानपण गेलेल्या काही पुरुषांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. स्लिम यांच्यावर खटला चालणे तेव्हा शक्य नव्हते. कॅनबेरातील त्यांच्या नावाचा रस्ता मात्र नंतर दुसऱ्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांचा वारसा तपासणाऱ्याला हे प्रकरण वगळता येणार नाही.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले आहे. आधी आत्मकथनातली १९४२ ची प्रकरणे वाचा आणि तिथेच थांबा. मग बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय सशस्त्र दलांच्या अधिकृत इतिहासातले ब्रह्मदेशाचे खंड घ्या. त्यात आपल्या पलटणी नावानिशी भेटतात. लुई ॲलन यांनी जपानी बाजू दाखवली आहे, श्रीनाथ राघवन यांनी युद्धकाळातला भारत. त्यानंतर लष्करी सेन्सॉरने तपासलेल्या जवानांच्या पत्रांच्या नोंदींकडे या. तिथे पत्रांतले मजकूर इंग्रजीत उतरवलेले आहेत, आणि मूळ पत्रे जिथे पोहोचली ती घरे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांत आहेत. पेन्शनची पुस्तके, पदके, क्वचित एखादे पोस्टकार्ड अशा घरांतून अजून निघते. ते मिळाले तर त्याची छायाचित्रे घ्या, तारीख आणि पलटण टिपून ठेवा, आणि मग स्लिम यांची उरलेली प्रकरणे वाचायला बसा.