स्पोर्ट्स कार : बदली टायरच्या मापाची निवड (वऱ्हाड)

मूळ टायर झिजल्यावर, फुटल्यावर किंवा वयाने कडक पडल्यावर त्या जागी कोणत्या मापाचा टायर बसवावा, हे ठरवण्याची रीत. साध्या मोटारीत हा प्रश्न दुकानात उभ्या-उभ्या सुटतो. स्पोर्ट्स कारमध्ये पुढची आणि मागची मापे बहुधा वेगळी असतात, बाजूभिंत बुटकी असते आणि एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल या यंत्रणा चाकाच्या फेऱ्यांवर चालतात. त्यामुळे थोड्या फरकाचाही परिणाम होतो. अमरावती (एमएच-२७) आणि अकोला (एमएच-३०) या भागात खऱ्या अर्थाच्या स्पोर्ट्स कार थोड्या. वेगासाठी हौसेने सजवलेल्या हॅचबॅक आणि सेडान मात्र बऱ्याच आहेत, आणि त्यांनाही ही नोंद लागू पडते.

मापाचे वाचन : ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ यात २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ म्हणजे बाजूभिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा इंचांतील व्यास, ९१ हा भारांक आणि ‘व्ही’ हे वेगचिन्ह. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत येतात. गिऱ्हाईक पहिला आकडा पाहून टायर मोठा की लहान ते ठरवते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. रुंदी वाढवून टक्केवारी तीच ठेवली, तर टायर उंचही होतो.

घेर : बदली मापात सर्वांत आधी जुळवायचा तो घेर, रुंदीचा विचार त्यानंतर. वरील टायरची बाजूभिंत ११२.७५ मिमी, दोन्ही बाजूंच्या २२५.५ मिमी आणि रिमचे ४०६.४ मिमी मिळून व्यास ६३१.९ मिमी होतो. घेर सुमारे १,९८५ मिमी, म्हणजे किलोमीटरला ५०४ फेरे. सतरा इंची रिमवर २२५/४५ घातल्यास व्यास ६३४.३ मिमी येतो; फरक ०.४ टक्के. त्याच रिमवर २२५/५० घातल्यास ६५६.८ मिमी, फरक ३.९ टक्के. काट्यावर १०० दिसत असताना गाडी पूर्वीपेक्षा जवळपास चार किलोमीटर जास्त वेगाने धावू लागते, वळताना टायर फेंडरच्या आतल्या कडेला घासू शकतो आणि गिअरचे गुणोत्तर लांबल्यासारखे होऊन गाडी उचल कमी घेते. पोलो जीटीच्या १८५/६० आर १५ या मापाला (व्यास ६०३ मिमी) १९५/५५ आर १५ घेतल्यास व्यास १.२ टक्के घटतो, १९५/६० आर १५ घेतल्यास २ टक्के वाढतो. धंद्यात तीन टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घेतात. नोंदकाराच्या मते स्पोर्ट्स कारला दीड टक्क्यापलीकडे जाऊ नये.

पुढे-मागे वेगळी मापे : पोर्शे ७१८ बॉक्स्टरला मूळ माप पुढे २३५/४५ झेडआर १८ आणि मागे २६५/४५ झेडआर १८ असते, ७१८ एसला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २६५/४० झेडआर १९. व्यास काढल्यास १८ इंचीत पुढे ६६८.७ व मागे ६९५.७ मिमी, तर १९ इंचीत पुढे ६७०.६ व मागे ६९४.६ मिमी. रिम इंचाने वाढला तरी व्यासातला फरक दोन मिलिमीटरच्या आत ठेवला आहे. बदल झाला तो बाजूभिंतीत : पुढची १०५.७५ वरून ९४ मिमीवर आली, मागची ११९.२५ वरून १०६ मिमीवर. शोरूममध्ये मोठा रिम उठून दिसतो, पण वऱ्हाडातील रस्त्यांवर ते बारा-तेरा मिलिमीटर रबरच रिमला वाकण्यापासून वाचवते. कंपनीने दोन मापे मान्य केली असतील आणि ब्रेकचे कॅलिपर बसत असेल, तर इथल्या मालकाने लहान रिम घ्यावा, असे निःसंकोच म्हणता येते. ज्या गाडीची चारही चाके इंजिनवर चालतात तिथे पुढच्या-मागच्या घेरांचे मूळ गुणोत्तर मोडता येत नाही. एकच टायर नवा आणि उरलेले झिजलेले, हेही तिथे महागात पडते.

गाडीच्या कंपनीने तपासून घेतलेल्या टायरवर खूण असते : पोर्शेसाठी ‘एन’ आणि अंक, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’. माप तेच असूनही आतली बांधणी निराळी असू शकते. खुणेशिवायचा टायर कितपत वाईट, यावर जाणकारांत एकमत नाही. एकाच अॅक्सलवर दोन निरनिराळ्या बांधणीचे टायर नकोत, यावर मात्र आहे.

भारांक व वेगचिन्ह : ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. भारांक मूळ टायरपेक्षा खाली कधीच नको. ‘एक्सएल’ लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण जास्त हवेवर : साध्या टायरचा पूर्ण भार २.५ बार दाबावर धरलेला असतो, एक्सएलचा २.९ बारवर. एक्सएल घेऊन हवा जुनीच ठेवली, तर वाढीव ताकद कागदावरच राहते.

हवा आणि उष्मा : अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, मे २०२० मध्ये तो ४७ अंशांवर गेला होता. हवेच्या तापमानातील दर १० अंशांच्या फरकाला टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या पहाटे भरलेली हवा आणि मेमधली ४४ अंशांची दुपार यांत साडेचार-पाच पीएसआयचे अंतर पडते. म्हणून हवा महिन्याला पाहावी आणि सकाळी, गाडी उभी असताना पाहावी. समृद्धी महामार्गावरून उतरल्या-उतरल्या काटा लावून ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडणे ही या भागातली नेहमीची चूक आहे. गार झाल्यावर तोच टायर कमी हवेवर राहतो. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, रबर आतून तापते आणि टायर फुटायची वेळ येते. मूळ मापापेक्षा बुटका टायर घेतल्यास आतल्या हवेचे आकारमानही घटते, म्हणजे चुकीला वाव आणखी कमी उरतो.

चिखलदरा (सुमारे १,११८ मी.) हा एक चांगला दाखला. अकोल्यात ४२ अंशांत ३२ पीएसआय भरलेली गाडी चिखलदऱ्याला २५ अंशांच्या रात्री उभी केली, तर थंडाव्याने दाब अडीच पीएसआयने उतरतो. उंचीमुळे बाहेरची हवा विरळ झाल्याने काटा सव्वा पीएसआय वर जातो. काट्यावर ३१ च्या आसपास दिसते. टायर गळत नसतो. तिथे हवा मारायची गरज नसते. नायट्रोजनचा फायदा विक्रेते सांगतात तेवढा मोठा नाही; कोरड्या वायूमुळे दाब थोडा स्थिर राहतो, इतके खरे.

रस्ते : अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा (पूर्वीचा ६) भाग. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किमी लांबीची डांबरी काँक्रीटची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरली गेली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या संध्याकाळी संपले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी ते राजपथ इन्फ्राकॉन या पुण्याच्या कंपनीने केले. सातशेहून अधिक माणसे त्यावर राबली. आधीचा विक्रम कतारमधील दोह्याचा होता, सुमारे २५ किमीचा. अनेक वर्षे रखडलेल्या या रस्त्याने टायर आणि रिम यांचे जे नुकसान केले होते, ते या भागातल्या प्रत्येक टायरवाल्याला पाठ आहे. महामार्ग सोडला की काळी माती सुरू होते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता लाटा धरतो, कडा खचतात. खचलेल्या कडेवरून ३५ किंवा ३० मालिकेचा (बाजूभिंत रुंदीच्या ३५ किंवा ३० टक्के) टायर वर चढवताना बाजूभिंत रिम आणि डांबर यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

समृद्धी महामार्ग (नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला, पूर्ण लांबी ७०१ किमी) अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो, अकोला जिल्ह्याला तो टाळून जातो. काँक्रीटचा पृष्ठभाग, मोटारींना ताशी १२० किमीची मुभा आणि लांबच लांब सरळ रस्ता यांमुळे टायर तासन् तास तापलेला राहतो. इथे लागते ते योग्य हवा आणि ताजे रबर. जादा रुंदीचा काही उपयोग नाही. अमेरिकी प्रतवारीत तापमानासाठी ‘ए’ श्रेणी असलेला टायर घ्यावा.

पाऊस : नासाच्या प्रयोगांवरून आलेल्या ठोकताळ्यानुसार ३२ पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९४ किमीच्या सुमारास तरंगू लागतो, ३६ पीएसआयचा १०० किमीच्या सुमारास. हे गुळगुळीत टायरचे आणि ढोबळ आकडे. रुंद टायर त्याआधीही तरंगू शकतो, म्हणून रुंदी एका पायरीपेक्षा जास्त वाढवू नये. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल टायरच्या खाचा भरून टाकतो. त्यावर कोणतेही माप उपाय नाही, वेग कमी करणे हाच उपाय.

रिम : २२५/४५ आर १७ साठी ७ ते ८.५ इंच रुंदीचा रिम चालतो. पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतील व्यास; पोर्शेत ५ × १३०), ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठाचे अंतर) आणि मधले भोक जुळायला हवे.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ वा नियम टायरच्या अवस्थेचा, ९५ वा मापाचा. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिमी खोल नक्षी लागते; खाचांतील उंचवटे नक्षीला टेकले की टायर संपला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार अमान्य केले. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेले माप सहसा अडचणीचे ठरत नाही. त्यापलीकडचे माप विम्याच्या दाव्यात आड येऊ शकते.

उपलब्धता : भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची आहे, आणि जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली आली. रोजच्या खपातली १५ ते १७ इंची मापे अकोल्यात-अमरावतीत मिळतात. १९-२० इंची जोडी बहुधा नागपूर किंवा मुंबईहून मागवावी लागते. नेमकी खूण असलेला टायर मिळेपर्यंत गाडी उभी ठेवणे अनेकांना जमत नाही आणि मग ‘जवळचे’ माप बसवले जाते. टायर टेकायला आले की आधीच मागणी नोंदवणे हा यावरचा व्यवहारी मार्ग. दोनच टायर घ्यायचे असतील आणि चारही चाकांचे माप एक असेल, तर नवी जोडी मागे बसवावी, कारण ओल्या वळणावर मागचा भाग सुटला की गाडी सावरणे कठीण जाते.

वय : बाजूभिंतीवरचे चार अंक, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. स्पोर्ट्स कार कमी चालते, त्यामुळे तिचा टायर बहुधा झिजण्याआधी म्हातारा होतो. पत्र्याच्या शेडखालच्या उन्हाळ्यात तर लवकरच. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावा, दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी काढावा. सवलतीत मिळणारे न खपलेले दुर्मीळ माप घेताना हे अंक आधी वाचावेत.

स्टेपनी : केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या २०२० च्या दुरुस्तीनुसार दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारीला ती सक्तीची नाही.